हुंगलेलं पाणी

९ एप्रिल

आयली असती तर ही वही उघडलीच नसती. संध्याकाळी गाडी धुऊन घरात आलो की ती चुलीकडे तोंड करूनच विचारायची, "किती जगले?" आधी माशांची चौकशी, मग माझी. फेब्रुवारीत आम्ही दोघंही एकाच तापाने पडलो. मी उठलो, ती उठली नाही. आता कोणी विचारत नाही. नॉर्मनला सांगून पाहिलं, पण कुत्रं ते, गोष्ट रंगात आली की झोपतं.

आज हंगामातली पहिली खेप. ताउनोच्या तळ्यांवरचा बर्फ गेला. ताउनो म्हणजे आयलीचा मोठा भाऊ, माझा मेहुणा. तो शायनर धरतो, मी टाकीच्या गाडीतून ते उत्तरेला बेवच्या गळ-आमिषाच्या दुकानी पोचवतो. तीस वर्षं हेच चाललंय. शायनर म्हणजे बोटाएवढा चंदेरी मासा, जावयापेक्षा रुसका. पाणी कोमट झालं, मेला. गर्दी झाली, मेला. गाडीने खड्डा खाल्ला, त्याचं निमित्त करून मेला. आणि वॉलआय या मोठ्या माशाला गळावर जिवंतच शायनर लागतो, मेलेल्याकडे तो ढुंकून बघत नाही.

सगळे जगले. आयली, ऐकतेस ना?

जेवण अजिबात गेलं नाही. बटाटे, मटण, सगळं भुशासारखं. ती गेल्यापासून तोंडाला चव नाही. लोक म्हणतात तसंच असतं, वेळ लागतो.

१५ एप्रिल

ताउनोकडे कॉफी. त्याने दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवून म्हणाला, "जळलीय." स्वतःच्या बायकोच्या श्राद्धाच्या जेवणातही हा माणूस पाद्र्याला म्हणाला होता, तुमचं भाषण लांबलं. खोटं बोलणं त्याला जमतच नाही. लहानपणी आयलीने त्याच्यामुळे किती मार खाल्ला, ती हसून सांगायची.

मला कॉफी जळकी लागली नाही. नुसतं गरम पाणी लागलं. तसं बोललो नाही, उगाच कीव करायला लागेल.

त्याने खिशातून एक डबी काढली. पाण्यात बुडवायच्या कागदी पट्ट्या. रंग बदलला की पाणी बिघडलं म्हणून समजायचं. म्हणाला, "घे. आता ऊन वाढेल."

मी म्हटलं, "ताउनो, देवाने मला नाक कशाला दिलंय? चष्मा अडकवायला?"

अहो, मी आजवर पाणी नाकाने बघत आलो. आदल्या दिवशी मासे उपाशी ठेवायचे, नाहीतर वाटेत टाकी घाण करतात. घरच्या विहिरीचं गार पाणी, बर्फ, ऑक्सिजनचं नळकांडं, मूठभर मीठ. मग अर्ध्या वाटेवर रस्त्याकडेच्या बागेतल्या हातपंपापाशी थांबायचं, झाकण उघडायचं आणि मान आत घालायची. पाणी गोड असलं तर पुढे निघायचं. नाकात झोंबलं तर निम्मं सोडून द्यायचं आणि पंपाचं भरायचं. डोळ्यांना काही कळत नाही, बिघडलेलं पाणीही काचेसारखं दिसतं. या जिल्ह्यात माझ्यासारखं नाक दुसरं नाही, हे खुद्द ताउनोच सांगत फिरायचा.

डबी त्याच्याच टेबलावर ठेवून आलो.

१८ एप्रिल

मागच्या दाराच्या खुंटीवर आयलीचा करडा स्वेटर आहे. टाकी भरताना मदतीला यायची तेव्हा घालायची. आज त्यात तोंड खुपसलं.

काही नाही. लोकर टोचली, एवढंच. दोन महिन्यांत माणूस इतकं जातं? मला वाटलं होतं निदान वर्षभर तरी पुरेल.

२१ एप्रिल

निम्मे मेले.

बेवच्या दुकानामागे टाकी उघडली तर वर पांढरा थर. पोटं वर करून. बेव दारात उभी, हातात चहाचा कप, आणि मागे दोन गिऱ्हाइकं गंमत बघायला. "ऑरिन, हे काय रे? सूप आणलंस का?"

वाटेत हातपंपापाशी थांबलो होतो. मान आत घातली होती. पाणी गोड होतं, अगदी काही म्हणजे काही वास नाही. ऑक्सिजन चालू, बर्फ होता. मग मेले कसे?

२४ एप्रिल

आज त्याहून वाईट. दोन्ही वेळा पाणी हुंगलं, एकदा पंपापाशी आणि एकदा रेल्वेच्या फाटकापाशी. झऱ्यासारखं स्वच्छ.

गाडी चालवताना सगळ्या वाटेने विचार केला. पाणी ठीक, बर्फ ठीक, नळकांडं ठीक, मी ठीक. मग उरलं काय? मासेच. तळ्यातूनच आजारी निघाले असणार. ताउनोचे गुडघे गेलेत, पूर्वीसारखा रोज तळ्यांवर जात नाही. बहिणीच्या दुःखात काळजी घेणं सुटलं असेल. माणूसच आहे.

२५ एप्रिल

ताउनोला सांगितलं. जाळं विणत बसला होता. मी गाडीतून न उतरताच बोललो. तेच चुकलं.

"तुझ्या तळ्यात रोग आहे," मी म्हटलं.

त्याने सुई थांबवली. "पाणी हुंगलंस?"

"हुंगलं."

"कसं होतं?"

"गोड. बायबलवर हात ठेवून सांगतो."

त्याने सुई जाळ्यात खोवली. तो माझं नाक जाणतो. म्हणाला, "माझे मासे चांगले होते."

"मग काय मी मारले?"

"तसं मी म्हटलं नाही."

"म्हणायला तोंड लागतं! तीस वर्षं तुझं एक वाक्य ऐकायला मला चिमट्याने ओढावं लागतं. तुझी बहीण होती म्हणून हा धंदा चालला. तीच बोलायची तुझ्या वाटचं."

त्याने पुन्हा सुई चालवायला घेतली. मी गाडी वळवली. तिचं नाव मधे आणायला नको होतं.

वाटेत बेवला फोन करून सांगितलं, ताउनोच्या तळ्यात काहीतरी गडबड आहे. गिऱ्हाइकाला खरं सांगितलेलं बरं.

२७ एप्रिल

सकाळी दार उघडलं तर पायरीवर बर्फाला भोक पाडायचं माझं गिरमिट. ताउनोने तीन हिवाळ्यांपूर्वी नेलेलं. पातं घासून, तेल लावून ठेवलंय. चिठ्ठी नाही की हाक नाही.

इकडे कोणी उसनी वस्तू न मागता परत केली की त्याचा अर्थ पोरासोरांनाही कळतो. ठीक आहे. मी पण त्याची शिडी काढून ठेवली.

२८ एप्रिल

घर आवरलं. रागात माणूस चांगला केर काढतो.

स्वेटर धुऊन टाकला. उगाच रोज जाता-येता नाक लावतो आणि रोज मन खट्टू होतं. त्यात ती नाहीच, तर नुसती धूळ कशाला जपायची? साबण जरा जास्तच पडला, फेस नळाशी आला. दोरीवर वाळत घातला. हात पसरून लोंबत होता, बघवेना, आत आलो.

३ मे

दक्षिणेकडच्या एका मोठ्या वाहतूकदाराकडून शायनर घेतले. ताउनोच्या माशांपुढे किडकिडे, पण काय करणार.

पहाटे नॉर्मन कोठीमागे कुणाशीतरी भांडून आला. डोळे लाल, सारखा गवतात लोळत होता. बरोबर घेऊन निघालो. पुढच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून आला बिचारा.

बेवच्या दुकानात पाऊल टाकलं तोच बेव ओरडली, "ऑरिन, तिथेच थांब! आत येऊ नकोस! बाहेर, बाहेर!" गिऱ्हाइकं भिंतीला चिकटली, एकाने तर टोपी तोंडावर धरली. मला! ज्याने तिच्या बापाला मासे पुरवले त्याला! मेलेल्या माशांवरून माणसाला असं उंबऱ्यातून हाकलतात? मी म्हटलं, "बेव, दोन खेपा खराब गेल्या म्हणून मी काय महारोगी झालो?" तर म्हणते, "अरे बाबा, खेपा गेल्या खड्ड्यात, तू आधी अंघोळ कर!" आणि सगळे हसले.

नाक कापलं गेलं. टाकी मागे रिकामी केली, यातलाही तिसरा हिस्सा मेला होता. तसाच निघालो. म्हाताऱ्या एकट्या माणसाला लोक घाणेरडा समजायला लागले की संपलंच. संध्याकाळी दोनदा अंघोळ केली. नॉर्मनलाही घातली.

४ मे

शिडी मी त्याच्या फाटकाशी टेकवून आलो. तो तळ्याच्या काठावर उभा होता. साठवणीच्या पिंजऱ्यांत मासे खच्चून भरलेले, वरून चांदीसारखे दिसत होते. एवढे मासे आणि एकही टाकी दारात नाही. मी फक्त बेवला सांगितलं होतं, पण बेवला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. बाकीच्या दोन दुकानांनीही त्याचा माल बंद केलाय.

वॉलआय धरायचा हंगाम शनिवारी उघडतो. त्या एका आठवड्यावर त्याचं वर्ष निघतं.

रोग असेल तर मी तरी काय करू? पण एक खरं, ते मासे आजारी दिसत नव्हते.

७ मे

दक्षिणेचे पुन्हा मेले. दोन ठिकाणचे मासे, दोन वेगळी तळी, आणि माझं पाणी दोन्ही वेळा गोड. सगळ्या जगातले मासेच बिघडलेत की काय?

कॉफीचा डबा बदलला. तीही गरम पाणीच. आताशा सगळ्यात भेसळ असते.

९ मे

आज अक्षर लागणार नाही.

सकाळी दव गोठलं होतं. पंपाचे नळ फुटू नयेत म्हणून कोठीतली गॅसची शेगडी पेटवायला गेलो. रात्री मंद ठेवली होती, ती विझलेली. बाकावर बसलो, काड्यापेटी शोधली, काडी काढली. काय विचार करत होतो आठवत नाही, काडी बोटात धरून बराच वेळ बसलो असेन.

दारात ताउनो. त्याच्या हातात माझं लांब दांड्याचं जाळं. ते पायरीवर ठेवून जाता आलं असतं, पण त्याची जागा कोठीतल्या खिळ्यावर, आणि वस्तू जागेवरच ठेवायची, तसा माणूस तो. त्याने दार उघडलं आणि असा ओरडला की मी जन्मात त्याला तसं ओरडताना ऐकलं नव्हतं.

"काडी टाक! ऑरिन! काडी टाक!"

पुढचं मला नीट कळलं नाही. सत्तरीचा माणूस, गुडघे गेलेले, पण त्याने मला कॉलर धरून बाहेर गवतात ओढलं. मग श्वास रोखून परत आत गेला, गॅसचं नळकांडं बंद केलं, खिडक्या उघडल्या. बाहेर येऊन खोकत गुडघ्यांवर बसला.

"मरायचं होतं का तुला?" म्हणाला. "खरं सांग. तिच्यामागे जायचं होतं?"

"काय बोलतोस? शेगडी पेटवत होतो."

"अरे, फाटकापासून गॅसचा वास मारतोय!"

"कसला वास?"

तो उठला, कुंपणाकडे गेला, तिथे त्या अंघोळीपासून नॉर्मनचा पट्टा लटकत होता. तो काठीच्या टोकावर अडकवून माझ्या नाकाखाली आणला. स्वतः तोंड फिरवून उभा.

"हे काय आहे?"

"पट्टा."

"स्कंकने आपलं ते घाण वासाचं पाणी फवारलंय याला. कुत्र्यालाही. तुझी गाडी, तुझा कोट, सगळं. बेवने वास जायला दोन दिवस दुकानाची दारं-खिडक्या उघडी ठेवली, सगळ्या तालुक्याला माहीत आहे. तुला खरंच काही वास येत नाही?"

मी पट्ट्याला नाक लावलं. घासलं अगदी. चामडं गार लागलं.

काही नाही. काही म्हणजे काही नाही.

गवतात बसून राहिलो. सगळं एकेक करून येऊन बसलं माझ्यापुढे. कॉफी. बटाटे. टोपी तोंडावर धरलेला तो माणूस. आणि ते गोड, गोड, गोड पाणी. पाणी कुजत होतं आणि मी त्यात मान घालून वा वा करत होतो. त्याचे मासे चांगले होते. मी मारले. मी मारले आणि त्याचं नाव घेऊन मोकळा झालो.

"फेब्रुवारीपासून," मी म्हटलं. "त्या तापापासून. मला वाटलं, आयली गेली म्हणून चव नाही."

ताउनो माझ्या शेजारी बसला. मग एवढंच म्हणाला, "हं."

मी माफी मागितली. तो गुडघा चोळत म्हणाला, "जाळ्याचा एक धागा सुटलाय. बांधून देतो." आणि बांधत बसला. मला रडू आवरेना. त्याने वर पाहिलं नाही.

नंतर

स्वेटर.

देवा, स्वेटर.

१० मे

सकाळीच बेवकडे फोन केला. सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. ती म्हणाली, "पण ऑरिन, मी तर सगळ्यांना सांगून बसले ना रे." मी म्हटलं, "मग आता हेही सांग." तिने सांगितलंही असेल. पण बाकीच्या दोघांनी पूर्ण हंगामाचा करार दक्षिणेच्या माणसाशी करून टाकलाय. बोललेला शब्द तळ्यात सोडलेल्या माशासारखा, परत धरता येत नाही.

आणि मासे तरी कुठे उरलेत? ताउनोने बुधवारीच पिंजऱ्यांची दारं उघडली होती. गर्दीने मरायला लागले तेव्हा काय करणार? जेमतेम एका टाकीचे उरले. तेवढे आम्ही भरले. काल सकाळपासून उपाशी होते. विकायची आशा नसतानाही त्याने त्यांना खाऊ घातलं नव्हतं. का, ते विचारलं नाही.

तो माझ्या शेजारी बसला, त्याच्या आणि माझ्या मधे नॉर्मन. ताउनो सगळी वाट खिडकीबाहेर तोंड काढून होता. "वास अजून येतो का?" मी विचारलं. "मरणाचा," तो म्हणाला. आयली गेल्यापासून पहिल्यांदा हसलो.

हातपंपापाशी थांबलो. सवयीने माझाच हात झाकणाकडे गेला. मग बाजूला झालो. ताउनोने मान आत घातली.

"झोंबतंय," म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. काचेसारखं पाणी, मासे मजेत फिरताहेत. पैज लावली असती मी. निम्मं पाणी सोडलं, मी पंप हाणला, त्याने बादल्यांनी हळूहळू ओतलं. मासे दचकू नयेत म्हणून टाकीच्या कडेने, हाताच्या तळव्यावरून. आयली असंच ओतायची. दोघांना त्यांच्या बापाने शिकवलेलं.

बेवच्या दारात टाकी उघडली. एकही पांढरं पोट नाही. बेवने ताउनोचा हात धरला, त्याने तो सभ्यपणे सोडवून घेतला.

परतताना म्हणाला, "पुढच्या वर्षी तळी ठेवत नाही."

"माझ्यामुळे."

मला वाटलं, नाही म्हणेल. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता.

"थोडं तुझ्यामुळे," तो म्हणाला. "थोडं गुडघ्यांमुळे."

१७ मे

डॉक्टर म्हणाले, नाक परत येईल किंवा येणार नाही. असल्या तापानंतर कुणाकुणाचं येतं. माझ्या वयाला फार आशा नको. कोठीत आणि घरात गॅस सुटला की वाजणारा भोंगा बसवून घ्या म्हणाले.

भोंगा आज बसला. गाडी फाटकाबाहेर लावून ठेवलीय. विकणार नाही, पण चालवणारही नाही.

१९ मे

ताउनोकडे सौना, म्हणजे लाकडावर तापवलेली वाफेची खोली. तापल्या दगडांवर पाणी टाकलं की बर्चच्या पानांचा वास येतो, तो मी आठवणीने घेतला.

जाताना स्वेटर पिशवीत घालून नेला होता. सारखा मनात घोळत होता विचार. नाक मेलं होतं माझं, म्हणजे त्या दिवशी खुंटीवर ती होती. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत रोज तिथे होती. मी रोज तोंड खुपसत होतो आणि ती तिथेच होती, आणि मी म्हटलं, ती नाहीच, आणि बादलीत घातली. त्या विचाराने झोप लागत नाही.

अंगणात आल्यावर पिशवी पुढे केली. "जरा बघ ना. काही उरलंय का."

"धुतलास?"

"हो."

त्याने स्वेटर घेतला. माझ्याकडे पाठ करून सरपणाच्या ढिगाकडे तोंड केलं आणि त्यात चेहरा घातला. किती वेळ उभा होता. मला वाटलं, झोप लागली की काय उभ्या उभ्या.

"ताउनो?"

"आहे," तो म्हणाला.

"खरं?"

"वेलदोडा. ती पाव करायची त्याचा." मग परत नाक लावलं. "आणि हिवाळ्यात बोटं फुटायची तिची, त्याला लावायची ते मलम. कॉलरपाशी. लहानपणी आई लावायची तेच."

मी विचारलं, साबणाचा नाही ना येत? तो म्हणाला, साबणाचा बिलकूल नाही.

स्वेटर घडी घालून पिशवीत ठेवला त्याने, बाह्या आत, बहिणीने घातली असती तशी घडी. डोळे पुसत होता. सौनाचा धूर गेला असेल, आज लाकूड जरा ओलंच होतं.

घरी आणून परत खुंटीवर लावलाय. एवढा साबण घातला, फेस नळाशी आला होता, तरी राहिला म्हणजे बघा. दुसरं कोणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता. पण ताउनोला खोटं बोलता येत नाही, ते एक बरं आहे.